तंबूतील दोन रात्री

दिवाळी सरली आणि थंडीने जरा जोर धरला, की हल्ली दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुले म्हणतात गाडी काढून तंबूत राहायला जाऊ. मला बीपी आहे. जाऊ का?" पूर्वी माणसे चारधामला जाऊ का म्हणून विचारीत. आता दारात गाडी आली, धरणाच्या काठी आणि गडाच्या पायथ्याशी तंबू भाड्याने मिळू लागले, आणि साठीच्या पुढची मंडळीही डिकीत सतरंज्या टाकून निघू लागली आहेत. या प्रश्नाला मी बरीच वर्षे "जा, गोळ्या बरोबर ठेवा" एवढेच उत्तर देत असे. आता एवढ्यावर भागवीत नाही. कारण डिसेंबर २०२३ मध्ये मी स्वतः जाऊन आलो, आणि तिथे जे घडले त्यात मोठा वाटा माझ्याच चुकीचा होता.

आम्ही सकाळी फिरायला जाणारे चौघे. एक कापडदुकानाचे शेटजी, त्यांना बारा वर्षांचा मधुमेह. एक निवृत्त गुरुजी, वय सत्तरच्या पुढे, प्रोस्टेटची तक्रार. एक वकील, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेले, पत्नी हयात नाहीत. आणि चौथा मी. बरोबर आमच्या सौ. आणि शेटजींच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी. दोन गाड्या, दोन रात्रींचा बेत, आणि ठिकाण आपल्याच जिल्ह्यातले भंडारदरा. संगमनेरहून अकोले, राजूर करीत शेंडीला पोचावे आणि धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने जावे. प्रवरेवरचे हे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. एका अंगाला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, पलीकडे रतनगड, आणि मधे आरशासारखे पाणी. भाताची खाचरे कापून मोकळी झालेली होती. त्यातल्याच एका खाचरात, गावातल्या एका कुटुंबाच्या परवानगीने आम्ही तंबू ठोकले आणि गाड्या शेजारी लावल्या.

गाडीने जाऊन गाडीशेजारी तंबूत राहायचे, या हौसेचे मूळ लोक अमेरिकेत दाखवतात. ते खोटे नाही. मोटारकारखानदार हेन्री फोर्ड, संशोधक एडिसन, टायरवाले फायरस्टोन आणि वृद्ध निसर्गलेखक जॉन बरोज हे १९१८ मध्ये असे मोटारी घेऊन डोंगरात भटकले होते. मात्र बरोबर स्वयंपाकी होता, हेही सांगितले पाहिजे. पण आपल्याकडे जत्रेला जाताना बैलगाडी सोडायची, बैलांना वैरण टाकायची आणि गाडीखाली वाकळ अंथरून पडायचे, हे यापेक्षा वेगळे काय होते? फरक इतकाच, की ती माणसे जमिनीवर झोपायला सरावलेली होती. आमच्यातले गुरुजी सोडले तर गेल्या तीस वर्षांत जमिनीला कोणाची पाठ लागलेली नव्हती.

पहिली संध्याकाळ

गैरसोयीची सुरुवात पोटापासून झाली. चूल पेटायला उशीर झाला. लाकडे ओली, वारा उलटा, आणि चौघेही जण शहाणपण सांगण्यात गुंतलेले. शेटजींनी मात्र घरच्या सवयीने बरोबर आठ वाजता जेवणाआधीची मधुमेहाची गोळी घेऊन टाकली. पिठले-भाकरी तयार झाली पावणेदहाला. मधल्या वेळात हा गृहस्थ गप्प झाला, थंडीत कपाळावर घाम, हात थरथरू लागले. वहिनींनी ओळखले. मी त्या वेळी चुलीत फुंकर घालीत होतो. साखर घातलेले पाणी दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते बोलू लागले आणि पहिले वाक्य "भाकरीचे काय झाले?" हे होते. मधुमेही वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की अशा ठिकाणी गोळी किंवा इन्सुलिन घड्याळ पाहून घ्यायचे नसते. ताट समोर आले म्हणजे घ्यायचे. आणि खिशात साखर ठेवायची. डिकीतल्या पिशवीच्या तळाशी असलेली साखर उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट उघड बोलली जात नाही, म्हणून इथे बोलतो. वहिनींनी दुपारपासून पाणी प्यायलेच नव्हते. कारण साधे होते. शौचाला, लघवीला आडोसा कुठे? आमच्या सौ.नेही तेच केले होते, हे मला दुसऱ्या दिवशी समजले. पुरुषमंडळी झाडाआड उभी राहतात आणि त्यांच्या डोक्यात हा प्रश्नच येत नाही. लघवी कोंडून ठेवायची, पाणी तोडायचे, मग दोन दिवसांनी जळजळ, ताप, बद्धकोष्ठ घेऊन दवाखान्यात यायचे, असे रुग्ण मी सहलींच्या दिवसांत दरवर्षी पाहतो. यात स्त्रिया अधिक असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चार काठ्या रोवून दोन जुन्या साड्यांचा आडोसा केला, कुदळीने वीतभर खोल खड्डा घेतला आणि शेजारी मातीचा ढीग ठेवला. जागा तलावापासून शंभर पावले दूर धरली, कारण खालची गावे तेच पाणी पितात. हे काम अर्ध्या तासाचे आहे. तंबू ठोकण्याच्या आधी करायचे असते, एवढेच.

थंडी खालून येते

रात्री साडेदहाला आम्ही आडवे झालो. मोठ्या तंबूत आम्ही चौघे, धाकट्यात दोघी. अंगावर प्रत्येकी दोन रग. खाली एक सतरंजी. इथेच गणित चुकले.

माणसाला वाटते की थंडी वरून येते. उघड्यावरच्या वाऱ्याच्या बाबतीत ते खरे आहे. तंबूत मात्र अंगातली ऊब सर्वांत जास्त जाते ती खाली, जमिनीत. पांघरूण उबदार असते ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. अंगाखालच्या रगातली हवा आपल्या वजनाने दाबून निघून जाते, आणि थंड जमीन रात्रभर आपल्याला शोषत राहते. म्हणून दोन रग असतील तर एक खाली घालावा. गावातल्या मावशींनी दुसऱ्या दिवशी आमची दशा पाहून भाताचा पेंढा आणून दिला, उन्हात झटकून दिला, आणि तंबूखाली हातभर पसरायला सांगितले. पेंढा नसेल तर वर्तमानपत्रांच्या दहा-बारा घड्याही चालतात. (संपादकांनी रागावू नये, आधी वाचून घ्यावे असेच मी सांगतो.)

त्या पहिल्या रात्री हे शहाणपण नव्हते. बारापर्यंत मी कुशी बदलत होतो. कंबरेखाली नेमका एक दगड. वकीलसाहेबांचे घोरणे असे, की पलीकडच्या डोंगरावरून उत्तर यावे. साडेबाराला गुरुजी लघवीला उठले, पुन्हा दोनला उठले, आणि प्रत्येक वेळी तंबूची चेन करकरली. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हा अनुभव सर्वांचाच आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये असे दाखवून दिले, की परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही, आवाजाकडे कान देऊन असते. म्हणजे आपल्यातला निम्मा माणूस राखणीला बसलेला असतो. तेव्हा पहिल्या रात्री झोप आली नाही म्हणून घाबरून झोपेची गोळी शोधू नये. दुसऱ्या रात्री बहुधा ती आपोआप येते.

अडीचच्या सुमारास शेटजीच म्हणाले, "जागेच आहोत तर बाहेर बसू." गाडीतला काटा दहा अंश दाखवीत होता. चुलीत निखारे शिल्लक होते. त्यावर लाकडे टाकली आणि रग पांघरून चौघे बसलो. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे आभाळ अगदी काळे. डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीकडून उल्का पडतात, त्या थोड्या थोड्या वेळाने एकेक निखळत होत्या. गावातल्या दिव्यांखाली आम्हाला हे आभाळ कधी दिसलेच नव्हते.

आणि मग वकील बोलू लागले. हा मजकूर त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ते म्हणाले, अँजिओप्लास्टीनंतर आजपर्यंत एकही रात्र मी घरात दिवा मालवून झोपलो नाही. डोळा लागला की वाटते, आता उठणारच नाही. म्हणून दिवा, रेडिओ, आणि शेवटी गोळी. कोर्टात खणखणीत आवाजात बोलणारा हा माणूस विस्तवाकडे पाहत हे सांगत होता. गुरुजींनी काही न बोलता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शेटजींना बोलल्याशिवाय राहवत नाही, तेही गप्प होते.

मला मात्र अंगावर काटा आला तो थंडीने नव्हे. ती झोपेची गोळी माझीच होती. दोन वर्षे मी ती लिहून देत होतो. दर महिन्याला रक्तदाब पाहत होतो, कोलेस्टेरॉल पाहत होतो. "झोप का लागत नाही?" असे मी त्यांना एकदाही विचारले नव्हते. दवाखान्यात बाहेर वीस माणसे बसलेली असतात, ही सबब खरी आहे, पण ती सबबच आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर भीती आणि खिन्नता घर करते, ती पुष्कळांना होते, आणि तीही त्या आजाराचाच भाग आहे, हे पुस्तकात मी वाचलेले होते. माझ्या मित्राच्या तोंडून ते ऐकायला मला भाताच्या खाचरात रात्री अडीच वाजता बसावे लागले.

मायेने आणलेली शेगडी

दुसरा दिवस फार सुखाचा गेला. रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ पाहिले. येऊन उन्हात बसलो. दुपारी बोलता बोलता मी माझे वैद्यकीय ज्ञान पाजळले. म्हणालो, थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, म्हणून हिवाळ्यात पहाटे झटके अधिक येतात. वकिलांनी कानटोपी, मोजे घालूनच झोपावे. सर्वांनी मान डोलावली. बोललो ते चूक नव्हते. पण बोलून मी मोकळा झालो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ते कुठे जाऊन बसले याचा विचार केला नाही.

रात्री वांगी भाजण्यासाठी शेटजींनी घरून लोखंडी शेगडी आणि कोळसा आणला होता. भरीत झाले, भाकरी झाली, ठेचा झाला. नऊलाच डोळे जड झाले. तंबूत शिरतो तो मधोमध ती शेगडी, वर राखेची साय धरलेले लालबुंद निखारे. शेटजी म्हणाले, "वकिलाला गार लागायला नको. धूर अजिबात नाही, बघा. आणि पाण्याचे भांडेही ठेवले आहे शेजारी."

वाचकहो, मी डॉक्टर आहे. त्या क्षणी "नाही" म्हणायला हवे होते. मी इतकेच म्हणालो, "चेन वीतभर उघडी ठेवा, आणि निखारे निवले की बाहेर काढा." तंबूत आदल्या रात्री नव्हती अशी छान ऊब होती. कोणाची तरी इतकी माया असताना नियम काढून बसणे जिवावर आले. मग पेंढ्याच्या गादीवर पडल्या पडल्या मला झोपेने घेरले आणि मी मनाशी खूश झालो. कोलोरॅडो विद्यापीठातील केनेथ राइट यांचा २०१३ मधला प्रयोग मला आठवत होता. आठ माणसांना त्यांनी आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत ठेवले, विजेचा दिवा नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. त्या माणसांच्या शरीरातले घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आले, म्हणजे सूर्य मावळला की शरीर झोपेच्या तयारीला लागू लागले. मला वाटले, आपलेही तेच होते आहे. मोकळी हवा, दिवसभराचे ऊन, त्याची ही गोड सुस्ती. माझी ती सुस्ती मुळीच गोड नव्हती.

आम्ही वाचलो ते गुरुजींच्या प्रोस्टेटमुळे. साडेअकराला ते नेहमीप्रमाणे उठले, चेनपर्यंत गेले आणि गुडघ्यात मोडल्यासारखे खाली बसले. चेन ओढली गेली, गार हवेचा झोत आत आला, आणि त्यांना बाहेरच उलटी झाली. मी उठलो तो डोके फुटते की काय असे दुखत होते. पहिला विचार आला, म्हातारे गृहस्थ झटकन उठले, रक्तदाब खाली गेला असेल. शेटजी पुटपुटले, ठेचा बाधला. त्यांचेही डोके दुखत होते. वकील घोरत नव्हते. हाक मारली, हलवले, तरी नुसते हुंकार देत होते. तिघांचे डोके एकदम ठेच्याने दुखत नाही, हे समजायला मला मिनिटभर लागले. त्या एका मिनिटाची मला अजून लाज वाटते.

तिघांनी मिळून वकिलांना ओढून बाहेर काढले. शेगडी बाहेर फेकली. दोघी शेजारच्या तंबूतून धावत आल्या. त्या ठणठणीत होत्या, कारण त्यांच्या तंबूत शेगडी नव्हती. शेटजींच्या पिशवीत करोनाच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर होता. तो वकिलांच्या बोटाला लावला. आकडा आला ९८. "बघा, ऑक्सिजन उत्तम आहे," शेटजी म्हणाले. आणि हेच मला आज सर्वांना सांगायचे आहे, की तो आकडा अशा वेळी फसवतो.

कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसतो तेव्हा माणूस निदान खोकतो, डोळे चोळतो, बाहेर पळतो. निखारे लाल झाले आणि धूर थांबला, की आपण निर्धास्त होतो, आणि हा वायू तर तेव्हाही निघतच असतो. रक्तातल्या लाल द्रव्याला, म्हणजे हिमोग्लोबिनला, तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही. पण रक्ताचा रंग मात्र लालच राहतो. ऑक्सिमीटर प्रकाशाच्या साहाय्याने रंगावरून अंदाज घेतो. त्याला दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून आकडा ९८ आणि मेंदू मात्र उपाशी. शेजारी ठेवलेले पाण्याचे भांडेही कुचकामी, कारण हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही. आणि वीतभर उघडी चेन? आम्ही चौघे ती उघडी असतानाच पडलो होतो.

खूण एकच लक्षात ठेवावी. एका बंद जागेतल्या एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी आली, तर आधी बाहेर पडायचे, कारण मागाहून शोधायचे.

मोबाइलला तिथे रेंज नव्हती. १०८ ला फोन लावायचा तर चढावर जावे लागणार. मी गाडी चालवण्याच्या स्थितीत नव्हतो आणि तसे कबूल करण्याइतपत शुद्धीवर होतो. आमच्या सौ.नी किल्ली घेतली. "अहो, तुम्ही मागे बसा," एवढेच म्हणाल्या. सगळ्या काचा उघड्या टाकून, वकिलांना आडवे करून, वळणावळणाच्या काळोख्या रस्त्याने त्यांनी गाडी रुग्णालयात आणली. गुरुजीही बरोबर होते. शेटजी ताज्या हवेत सावरले होते, त्यांच्याजवळ वहिनी थांबल्या. माझ्या सांगण्यावरून रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी आकड्याकडे न पाहता वकिलांना आणि गुरुजींना भरपूर ऑक्सिजन लावला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्म्याने उतरायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर ते काम तास-दीड तासात होते. हृदयाचा आलेख काढला. तो ठीक होता. पहाटे चारला वकिलांनी डोळे नीट उघडले आणि विचारले, "आपण कोणत्या कोर्टात आहोत?"

सोसावे काय, सोसू नये काय

त्या रात्रीचा हिशेब मी नंतर पुष्कळदा मांडला. थंडी, दगड, घोरणे, करकरणारी चेन, पहाटेची लाइन, भाकरीतली राख, ही सगळी गैरसोय आम्ही सोसली असती तर काही बिघडले नसते. तिने कोणाला मारले नसते. घात झाला तो गैरसोय टाळायला काढलेल्या युक्तीने. म्हणून आता मी विचारणाऱ्याला खुशाल जा म्हणतो, पण तंबूत शेगडी, स्टोव्ह, जळता कंदील काही न्यायचे नाही, असे बजावतो. गाडीत झोपणारे काही लोक काचा लावून इंजिन आणि हीटर किंवा एसी चालू ठेवतात. त्यातही धूर आत येऊन हाच वायू घात करू शकतो. गाडीत झोपायचेच तर इंजिन बंद, आणि काच दोन बोटे खाली. मान सकाळी आखडेल. आखडू द्यावी. अंगात ऊब यावी म्हणून 'थोडीशी' घेणारेही असतात. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून गरम वाटते, पण खरी ऊब त्याच वाटेने बाहेर जाते. गरम पाणी भरलेली बाटली फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवावी. याहून सोपे काही नाही.

दुसरा धोका सापाचा. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. बऱ्याचदा दंश दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि घरचे अपचन म्हणून ओवा देत बसतात. तंबूची चेन पूर्ण लावणे, उघड्यावर झोपायचे तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चहूबाजूंनी खोचणे, आणि बाहेर पडताना टॉर्च लावणे, एवढ्याने पुष्कळसे टळते. बूट घालण्याआधी झटकावेत, त्यात विंचू दबा धरून बसतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले, तेव्हा आज विंचूदंशाला उपाय आहे, पण त्यासाठी मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात जावे लागते. आणि सहलीहून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत थंडी वाजून ताप आला, तर गवतात राहिलो होतो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने येणारा स्क्रब टायफस हा ताप साध्या तापासारखाच दिसतो. काखेत, जांघेत कुठे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का, तेही पाहावे.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही परत येत होतो तेव्हा साखर कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड कामगारांच्या कोप्या लागल्या होत्या. उसाच्या पाचटाच्या, बुटक्या, खाली जमीन. त्यात बायका, लहान मुले. आम्ही पैसे मोजून दोन रात्री जी गैरसोय विकत घेतली, ती यांना पाच-सहा महिने फुकट मिळते. शौचाच्या आडोशाचा प्रश्न, मण्यारीचा, थंडीतल्या विस्तवाचा, सगळे तेच. या सदरातले हे सल्ले खरे तर त्यांच्यापर्यंत पोचले पाहिजेत. आपापल्या गावाजवळ कोप्या असतील तिथे वाचकांनी निदान आत निखारे ठेवण्याबद्दल तरी सांगावे.

घरी आल्यावर मी वकिलांना दवाखान्यात बोलावले, पण सर्वांत शेवटी, बाहेरचे बाक रिकामे झाल्यावर. तासभर बोललो. झोपेची गोळी एकदम बंद करायची नसते, ती हळूहळू कमी केली. नगरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे ते चार वेळा जाऊन आले, कोणालाही न लाजता. दिवा अजून असतो, पण तो आता खोलीबाहेरच्या बोळात असतो.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो, त्याच खाचरात. शेगडी शेटजींनी घरीच ठेवली, वांगी चुलीतच भाजली. पेंढा दोन हात जाड घातला. आल्यावर आधी साड्यांचा आडोसा बांधला, मग तंबू. पहिल्या रात्री नेहमीप्रमाणे कोणालाच झोप नव्हती, म्हणून अडीचला बाहेर येऊन बसलो. फक्त वकील आले नाहीत. ते आत, अंधारात, घोरत होते. गुरुजी म्हणाले, "उठवू नका." आम्हीही उठवले नाही, जरी त्या आवाजाने पलीकडच्या तंबूतल्या दोघी उठून बाहेर आल्या होत्या.

हा लेख छापण्याआधी वकिलांना वाचून दाखवला. त्यांची हरकत एकाच मुद्द्यावर आहे. ते म्हणतात, मी घोरतो याला पुरावा नाही.